बोथट तलवार



गुढीपाडव्याच्या सकाळीं डोंबिवलीस फडके रस्त्यावर उभें राहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर माझा विषय आपोआप उभा राहील. श्रीगणेश मंदिर संस्थानानें १९९९ सालीं नववर्षाच्या स्वागतयात्रेची जी प्रथा तेथें सुरू केली, ती पुढें ठाण्यांत, कल्याणांत आणि महाराष्ट्रांतील गांवोगांवीं पसरली. लेझीम येतें, ढोलताशे येतात, नऊवारी नेसलेल्या मुली दुचाकीवरून जातात, आणि त्यांच्यामागून मावळ्यांचीं पथकें येतात. डोक्यास पागोटें, कमरेस शेला, हातांत तलवार. एखाद्या चौकांत यात्रा थांबते, माणसें मागें सरून रिंगण करतात आणि दांडपट्टा फिरूं लागतो. लहान मुलें बापाच्या खांद्यावर बसून टकमक पाहत असतात.

आज मला बोलावयाचें आहे तें या तलवारीविषयीं, पट्ट्याविषयीं आणि अंगावरील चिलखताविषयीं. खेळासाठीं तीं कशीं घडवावीं, कशीं वापरावीं आणि खेळून झाल्यावर कशीं जपावीं, एवढाच माझा विषय. मी जन्मभर खडू धरलेला माणूस; तेव्हां या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिला, असें आपण विचाराल. तो अधिकार मला माझ्या एका चुकीनें दिला आहे. तीच आधीं सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत शिक्षक होतों, तेथें स्नेहसंमेलनासाठीं शिवचरित्रांतील एक प्रवेश बसविला होता. लाकडी तलवारी मुलांना पसंत पडेनात. म्हणून मीं बाजारांतून लोखंडी तलवारी आणल्या. त्या भिंतीवर टांगण्यासाठीं केलेल्या शोभेच्या तलवारी होत्या, हें मला ठाऊक होतें. परंतु त्यांना धार नाहीं एवढें पाहून मी निश्चिंत झालों. रंगीत तालमीच्या दिवशीं दोघां मुलांच्या तलवारी एकमेकींवर आपटल्या, एकीचें पातें मुठींतून निसटलें आणि दूर उभ्या असलेल्या तिसऱ्याच मुलाच्या गालावर जाऊन लागलें. डोळा बोटभर अंतरानें वांचला. पांच टाके पडले. मुलाची आई मला रागावली नाहीं. “गुरुजी, तुम्हीं तलवारी पाहून घेतल्या होत्या ना?” एवढेंच तिनें विचारलें. मीं पाहून घेतल्या होत्या. पण मीं पातें पाहिलें होतें, मूठ पाहिली नव्हती.

त्यानंतर सुटीच्या दिवशीं मी कल्याणच्या एका लोहाराच्या भात्यापाशीं जाऊन बसूं लागलों. जें समजलें तें असें.

पात्याचा जो निमुळता भाग मुठींत शिरतो, त्याला मी शेपूट म्हणतों. आपल्याकडील जुन्या तलवारींत हें शेपूट आंखूड असे. लोखंडी मुठीच्या पोकळींत लाख व राळ यांचें तापविलेलें मिश्रण ओतीत आणि त्यांत तें रोवीत. ही रीत चांगलीच होती; मोडलेलें पातें मूठ तापवून काढतां येई आणि दुसरें बसवितां येई. परंतु लाखेस वय असतें. दोनशें वर्षांत ती ठिसूळ होते. म्हणून घरांत वडिलोपार्जित तलवार असेल, तर दसऱ्यास तिची पूजा करावी. खेळण्यास तिला बाहेर काढूं नये. शोभेच्या तलवारीची गोष्ट याहून वाईट. तिच्या पात्यास बहुधा बोटाएवढी सळई वेल्डिंग करून जोडलेली असते, आणि पहिला जोराचा आघात नेमका त्या जोडावर येतो. खेळाच्या तलवारीचें शेपूट पात्याच्याच पोलादाचें, रुंद, मुठीच्या आरपार गेलेलें आणि शेवटीं ठोकून पक्कें केलेलें असावें. परीक्षा सोपी आहे. मूठ धरून पात्यावर तळहातानें थापटावें. सैल मूठ खडखडते. पक्की तलवार घंटेसारखी गुणगुणत राहते.

पात्याचें पोलाद लवचीक हवें. कोयते घडविणारे आपले लोहार मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचें पोलाद वापरतात, तें याहि कामास उत्तम. पातें लाल तापवून तेलांत बुडविलें कीं तें कांचेसारखें कठीण होतें, आणि कांचेसारखेंच फुटतें. म्हणून तें घासून पुन्हां मंद आंचेवर धरावयाचें. प्रथम पिवळसर, मग जांभळी आणि शेवटीं निळी झांक चढते; निळी दिसतांच थांबावयाचें. आतां तें वाकवावें तर वाकतें आणि सोडतांच सरळ होतें. याला म्हणतात पाणी देणें. पाणीदार माणूस असें आपण म्हणतों, तेव्हां नुसत्या कठीणपणाचें कौतुक करीत नाहीं, हें मला लोहाराच्या अंगणांत कळलें.

धारेच्या जागीं निदान दोन मिलिमीटर जाडी ठेवावी आणि टोंक रुपयाच्या नाण्यासारखें गोल करावें. वजन मात्र खऱ्या तलवारीइतकेंच, म्हणजे एक किलोच्या आसपास असावें. हलकी पत्र्याची तलवार कितीहि वेगानें फिरवितां येते आणि त्यामुळें हातास खोटी संवय लागते; खऱ्या वजनाची तलवार फिरविणाऱ्यास आपोआप थांबावयास शिकविते. खेळ संपला कीं पात्यावर बोट नव्हे, कापूस फिरवावा. जेथें कापूस अडकेल तेथें खांच पडलेली आहे असें समजून ती लगेच कानशीनें घासून टाकावी. दहा खांचा पडलेली बोथट तलवार ही करवत असते.

कोणी म्हणेल, धारेवांचून तलवार म्हणजे नाटकी सामान. आपल्या पूर्वजांचें मत असें नव्हतें. मर्दानी खेळांची विद्या कोल्हापूरच्या तालमींनीं आजवर राखली. या खेळांची जुनी चाल पाहा. आधीं नुसते पवित्रे, म्हणजे पाय कसा टाकावा आणि अंग कसें चोरावें याचा अभ्यास. मग काठी. मग फरी-गदगा, म्हणजे एका हातांत लहान ढाल आणि दुसऱ्यांत कातडें मढविलेला दांडका. भाल्याचा सराव करावयाचा तर त्याच्या टोंकास चिंध्यांचा गोळा बांधीत. तिचें नांवच बोथाटी. ज्यांना उद्यां खरोखर मरणाशीं गांठ घ्यावयाची होती, ते लोक आज आपल्या सोबत्यास जखम होऊं नये म्हणून इतकी काळजी घेत. मग आम्हांला, ज्यांना कोणाशींच लढावयाचें नाहीं, धारेची हौस कशासाठीं?

दांडपट्ट्याविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यास राज्यशस्त्राचा मान दिला, आणि तेव्हांपासून हौशी मंडळींत त्याचें आकर्षण अधिकच वाढलें आहे. पट्ट्याचें पातें सरळ, दुधारी, लवचीक आणि सुमारें चार फूट लांब. मूठ म्हणजे कोपराच्या दिशेनें चढत गेलेला लोखंडी हातमोजाच. त्याच्या आंत आडवी दांडी असते, ती धरावयाची. अशा रीतीनें मनगट बांधलें जातें, हात खांद्यापासून फिरवावा लागतो, आणि एकदां फिरूं लागलेला पट्टा मधेंच आंवरतां येत नाहीं. चहूंकडून शत्रूंनीं घेरलेल्या वीरास हा गुण. फडके रस्त्यावरील गर्दींत तोच दोष. येथें मी शिक्षकाच्या संवयीनें हिशेब मांडतों. पातें चार फूट, हात अडीच फूट, पुढें पडणारें एक पाऊल तीन फूट; मिळून साडेनऊ. तेव्हां खेळाडूपासून पंधरा फुटांच्या आंत एकहि प्रेक्षक नसावा, आणि तें अंतर दोरी धरून राखावें, नुसत्या विनंतीनें नव्हे. जमिनीवर निजलेल्या मुलाच्या अंगावर लिंबू ठेवून तें पट्ट्यानें कापण्याचा प्रयोग टाळ्या मिळवितो, हें मीं पाहिलें आहे. माझ्या मतें तो मुलांच्या बाबतींत मुळींच करूं नये. मोठ्यांनीं आपल्या जिवाचें काय करावें, तें त्यांनीं ठरवावें.

आतां चिलखत. प्लास्टिकच्या चंदेरी जाळीचें चिलखत घातलेला बालमावळा दिसतो गोंडस, परंतु तो आपणांस चुकीचा इतिहास सांगतो. खरें चिलखत लोखंडी कड्यांचें. तार सळईभोंवतीं गुंडाळून वेटोळें करावयाचें, तें उभें कापून कड्या काढावयाच्या, आणि प्रत्येक कडी भोंवतालच्या चार कड्यांत ओंवावयाची. उत्तम कारागीर कडीचीं टोंकें ठोकून त्यांत बारीक रिबीट मारीत; नुसती दाबून मिटविलेली कडी भाल्याच्या टोंकानें उघडते. एका अंगरख्यास हजारों कड्या लागतात, आणि वजन दहा किलोंच्या घरांत जातें. हा सगळा भार खांद्यावर पडतो. कमरेस पट्टा आंवळला कीं त्यांतील बराच कमरेवर उतरतो. आणि आंत जाड कापसाची बंडी हवीच. कड्या धार अडवितात, आघात अडवीत नाहींत. तो कापूसच सोसतो. खाडीकांठच्या आमच्या दमट हवेंत चिलखत एका पावसाळ्यांत तांबेरतें. तें कोरड्या वाळूच्या पोत्यांत घालून घुसळावें, झटकावें आणि तेलाचा हात फिरवून ठेवावें.

आपल्या भाषेंत याची एक खूण राहून गेली आहे. जिरेटोप हा शब्द आपण नेहमीं उच्चारतों. त्यांतील जिरे म्हणजे फोडणींतले जिरे नव्हेत. फारसींत कड्यांच्या चिलखतास जिरह म्हणतात. मखमलीचा, मोत्यांचा तुरा लावलेला जो जिरेटोप आज मुलांच्या डोक्यावर दिसतो, त्याच्या नांवांत लोखंड आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले, ते अंगरख्याखालीं चिलखत घालूनच. तें शोभेसाठीं नव्हतें, म्हणूनच तें कोणास दिसत नव्हतें. आणि साध्या मावळ्यास तर चिलखत परवडण्यासारखेंच नव्हतें. पागोटें, कापसाचा जाड अंगरखा आणि कातड्याची ढाल एवढ्यावर त्याचें रक्षण. त्या ढालीवरील चार फुलें निव्वळ नक्षी नव्हत. पाठीमागच्या ज्या कड्यांतून धरावयाचे पट्टे ओंवलेले असतात, त्यांचे खिळे त्या फुलांखालीं दडलेले असतात. तेव्हां मुलास मावळा करावयाचें असेल, तर प्लास्टिकच्या चिलखतापेक्षां आजीच्या हातची जाड कापसाची बंडी अधिक खरी.

हा खरेपणाचा आग्रह कशासाठीं? कारण आपण ज्या रस्त्यांवर हा खेळ मांडतों, तेथून हांकेच्या अंतरावर हें सारें प्रत्यक्ष घडलेलें आहे. १६५७ च्या ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी महाराजांनीं घेतली; खाडीवरचा दुर्गाडी आजहि उभा आहे, आणि मराठ्यांच्या आरमाराचीं पहिलीं गलबतें याच खाडींत बांधलीं गेलीं. १७३७ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. त्या सैनिकांपैकीं पुष्कळांच्या हातीं फिरंग होती, म्हणजे युरोपांत घडलेलें सरळ पातें आणि त्यावर आपल्याकडची मूठ. शत्रूच्या देशचें पोलाद चांगलें असेल तर तें घेण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. त्या माणसांच्या नांवानें आपण जें हातांत धरतों, तें निदान नीट घडविलेलें असावें, इतकेंच माझें म्हणणें आहे.

कायद्याची एक गोष्ट सांगून टाकतों. १८७८ च्या कायद्यानें इंग्रजांनीं आपल्या लोकांवर हत्यारबंदी लादली, ती कटु आठवण खरी. परंतु स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियमहि धारदार तलवारीस शस्त्रच मानतो. शिवाय ठाणें पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वयें तलवारी, भाले घेऊन फिरण्यास वेळोवेळीं मनाई होत असते. बोथट आहे म्हणून विचारावयास नको, असें समजूं नये. पथकाच्या प्रमुखानें आधीं लेखी परवानगी घ्यावी, आणि येतांजातांना शस्त्रें म्यानांत घालून, वर कापडी खोळ चढवून न्यावीं. डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्यें जेथें छत्री धरावयास जागा नसते, तेथें उघडी तलवार घेऊन चढणारा मावळा महाराजांना खचित आवडला नसता.

शेवटीं त्या मुलाचें सांगतों. तो आतां चाळिशीकडे आला आहे. गालावरची रेघ दाढींत झांकली गेली आहे. गेल्या पाडव्यास तो आपल्या दहा वर्षांच्या मुलीस घेऊन माझ्याकडे आला. तिला काठी शिकावयाची होती, आणि पुढें तलवार. मी गप्प राहिलेला पाहून तोच म्हणाला, “गुरुजी, शिकूं द्या तिला. फक्त मूठ तुम्हीं पाहून घ्या.”

मीं ती पाहिली. पात्यावर थापटलें, कान लावला, दोनदां ऐकलें. मग तलवार म्यानांत घालून ठेवली आणि मुलीच्या हातीं काठी दिली. वर्षभर ती पवित्रेच करणार आहे. तिला घाई आहे, मला नाहीं.