मतदारसंघाच्या सीमा आणि आपण

२००८ च्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेतील ७ जागांच्या ५ झाल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ नाहीसे झाले. ठाणे जिल्ह्याच्या १३ जागा २४ झाल्या. कोकणातला तरुण पोटासाठी मुंबई-ठाण्याला गेला, मागोमाग गावाचे प्रतिनिधित्वही गेले! लोकसंख्येचा न्याय म्हणून तेही मान्य करू. परंतु कोणते गाव कोठे जोडावे, हा केवळ गणिताचा प्रश्न नव्हे. दळणवळण आणि लोकांची सोय हे निकष कायद्यातच आहेत. परिसीमन आयोग मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतो, जाहीर बैठका घेतो. अंतिम आदेशानंतर न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच होते. तेव्हा एस.टी.चा मार्ग, बाजार, तालुक्याचे अंतर यांचा दाखला देऊन गावोगावच्या लेखी हरकती मुदतीतच गेल्या पाहिजेत. निवडक खासदार-आमदार तर आयोगाचे सहयोगी सदस्य म्हणून आधीच आत बसलेले असतात.