वळवणचे पाहुणे मासे

मुळशी तालुक्यात बसून माशांबद्दल बोलायचं तर सुरुवात मुळा नदीपासूनच करावी लागते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव दिलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. वाकडच्या पुलावरून जाताना आपण गाडीची काच वर करतो, त्याच नदीचा हा मासा!

तेव्हा तो बघायला कुठल्या मत्स्यबीज केंद्रात जावं लागत नव्हतं. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या डोहांत देवाचे मासे म्हणून तो सुखरूप होता. महाडकडे वाळण कोंडीला आजही लोक त्याला मुरमुरे टाकतात. माशाचं दर्शन घेणं आपल्याला नवं नाही. तिकीट आणि माहितीफलक तेवढे नंतर आले.

नदीतला मासा हौदात का न्यावा लागला? महाशीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढतो आणि वरच्या अंगाला, गोट्या-वाळूच्या ओढ्यांत अंडी घालतो. वाटेत धरण आलं की ही चढण संपली. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं आणि सह्याद्रीच्या माथ्यावर टाटांचे तलाव एकामागून एक भरत गेले. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो माणसांच्या जमिनींसाठी. माशांच्या वतीने बोलायला तेव्हा कुणी नव्हतं, आणि असतं तरी ऐकलं असतं कुणी?

पुढे १९७०च्या दशकात टाटांच्याच वीज कंपनीने लोणावळ्याला, वळवणच्या तलावाजवळ, महाशीराची पैदास सुरू केली. राज्याच्या मत्स्यखात्याचे निवृत्त संचालक सी. व्ही. कुलकर्णी आणि नंतर शशांक ओगले यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. याला मी प्रायश्चित्त म्हणणार नाही, उपकार तर नाहीच. हिशेबातली एक बाकी उशिरा का होईना फेडायला घेतली, एवढंच.

खरं काम बघण्यासारखं असतं ते भर पावसाळ्यात. पिकलेली मादी ओल्या फडक्यात धरायची, पोटावरून शेपटीकडे हलका हात फिरवायचा. ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळसर अंडी कोरड्या घमेल्यात पडतात. त्यावर नराचं वीर्य, मग पिसाने हलक्या हाताने कालवणं, आणि पाणी त्यानंतरच. अंडी वाहत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये ठेवली की तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि उजेड टाळून कोपऱ्यात डोकी खुपसून बसतात. पाहुण्यांची इथे निराशा होते. त्यांना हवे असतात खाद्य टाकताच उसळणारे मोठे मासे, आणि फोटोही त्यांचेच निघतात. कुलकर्णी-ओगले यांची मला सगळ्यात आवडलेली युक्ती तर फोटोत येण्याजोगीच नाही. फलित अंडी ओल्या कापसात बांधून दूरवर पाठवता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पाण्याने भरलेली पिंपं वाहून न्यायची कटकटच गेली.

ब्रिटिशांनी निलगिरीत अव्हलांचीला १९०७च्या सुमारास ट्राउटचं केंद्र उभारलं, ते साहेबांच्या गळासाठी. वळवणची बोटुकलीही गळवाल्यांच्या हौसेपायी दूर गेली. ती कावेरीत सोडली गेली, तिथे फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा नारिंगी परांचा महाशीर मागे हटत गेला. त्या माशाची शास्त्रीय नावानिशी नीट ओळख पटली २०१८ साली, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. आपला निळ्या परांचा दख्खनी मासा मात्र जागतिक लाल यादीत धोक्याच्या गटातून सुटून 'किमान चिंते'च्या गटात आला. त्याचं कौतुक वर्तमानपत्रांतून भरभरून झालं. कावेरीची गोष्ट त्याच्या शेजारी छापलेली मी फारशी पाहिली नाही.

म्हणून पिल्लं किती लाख झाली, या आकड्याने मी हुरळून जात नाही. मासा वाढवणं ओगल्यांच्या पिढीने सोपं करून ठेवलं आहे. अवघड आहे ते त्याला चढायला ओढा आणि श्वास घ्यायला पाणी देणं, आणि ते हौदाच्या भिंतीआत होत नाही. लोणावळ्याला जाल तेव्हा आत सोडतात का, ते आधी विचारून घ्या, आणि भुशी धरणावरच्या गर्दीतून वेळ काढून जा. तिथल्या माणसाला एवढंच विचारा, की या हौदातली बोटुकली कुठल्या नदीत जाणार आहेत, आणि त्या नदीत आधीपासून कोण राहतं.