दाणा टिपणारी चिमणी



अंगणातली चिमणी जरा निरखून पाहा.
दाणा टिपते... मान वळवते... पुन्हा टिपते.
तिच्याकडे कोठार नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात,
येशू लोकांना पाखरंच दाखवतो.
देव त्यांना पोसतो, मग तुम्हांला कसा विसरेल?
असा त्याचा सवाल.

पण चिमणी दिवसभर दाणे शोधतेच, बरं का!
देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे.

पंडिता रमाबाईंचंच पाहा.
१८९६-९७ च्या दुष्काळात
त्यांनी शेकडो निराधार मुलींना आसरा दिला.
केडगावच्या माळावर...
देवावर भार टाकला,
आणि विहिरीही खणून घेतल्या.

पुन्हा सांगते...
भरवसाही होता, आणि विहीरही.

रमाबाईंनी उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधारांना सांभाळतं.