गोबरगॅस विटेतून कसा निसटतो?

(मुंबई उपनगरातील गोठेवाले व गोबरगॅस संयंत्रधारक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोबरगॅसशी या उपनगरांचे नाते जुने आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय विलेपार्ल्याला, तर कोरा केंद्र बोरिवलीला आहे. आयोगाने 1960 च्या दशकात तरंगत्या लोखंडी टाकीच्या संयंत्राचा देशभर प्रसार केला. लोखंडातून वायू झिरपत नाही, पण ते गंजते आणि महाग पडते. म्हणून पुढे 1978 साली ‘जनता’ व 1984 साली ‘दीनबंधू’ ही विटांच्या पक्क्या घुमटाची संयंत्रे आली.

या संयंत्रांबाबत नेहमीची तक्रार असते, “शेण पुरेसे घालतो, कोठे भेग दिसत नाही, तरी शेगडी लवकर विझते.” याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी न दिसणाऱ्या एका कारणाविषयी आज सांगतो.

वीट म्हणजे भाजलेली माती. माठातून पाणी पाझरते, तसाच विटेच्या बारीक छिद्रांतून वायू जातो. तो दोन प्रकारे जातो.

पहिला प्रकार दाबाचा. तरंगत्या टाकीत दाब साधारण 8 ते 10 सेंटिमीटर पाण्याइतका असतो. पक्क्या घुमटात तो 90 सेंटिमीटरपर्यंत चढू शकतो. या दाबाने वायू मोठ्या छिद्रांतून व केसासारख्या भेगांतून बाहेर ढकलला जातो. छिद्राचा व्यास दुप्पट झाला, तर तेवढ्याच दाबाने सोळापट वायू जातो. म्हणून एक बारीक भेगही महाग पडते.

दुसरा प्रकार विसरणाचा. छिद्र अतिशय अरुंद असले की वायूचे कण छिद्राच्या भिंतींवर आपटत, वाट काढत बाहेर पडतात. येथे हलका वायू पुढे राहतो. थॉमस ग्रॅहम या शास्त्रज्ञाने 1833 साली याचा नियम मांडला. मिथेनचा रेणुभार 16, तर कार्बन डायऑक्साइडचा 44. त्यामुळे अशा कोरड्या छिद्रांतून मिथेन सुमारे 1.66 पट वेगाने निसटतो. म्हणजे जळणारा भाग आधी जातो! छिद्रे पाण्याने भरलेली असतील तर वायूची वाट अडते, पण वीट सुकली की ती पुन्हा मोकळी होते. तेव्हा ओलाव्यावर विसंबून राहू नये.

यावर उपाय असे:

1. वीट पारखून घ्यावी. कोरडी वीट तोलून 24 तास पाण्यात बुडवावी. वजन 20 टक्क्यांहून अधिक वाढू नये. तीन किलोची वीट 600 ग्रॅमहून जास्त पाणी पीत असेल, तर ती घुमटासाठी नको.

2. घुमटाला आतून गिलावा करून सिमेंटच्या रबडीने घोटून घ्यावा. त्यावर पाणी मारण्यात कसूर करू नये, कारण लवकर सुकलेला गिलावा तडकतो. गिलावा पूर्ण वाळल्यावर वायूरोधक रंगाचे दोन हात द्यावेत.

3. शेण भरण्यापूर्वी संयंत्रात पाणी भरावे. भिंतींनी पाणी पिऊन पातळी स्थिर झाली, की गॅसची तोटी बंद करून आणखी पाणी ओतावे. निकास टाकीतील पातळीची खूण करून 24 तासांनी पाहावे. पातळी बरीच उतरली, तर हवा निसटत आहे असे समजावे. मात्र घुमटावर माती चढवल्याशिवाय पूर्ण दाब देऊ नये, घुमट तडकण्याचा धोका असतो.

4. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. काडी ओढून कधीही पाहू नये. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन मिसळला की स्फोट होऊ शकतो.

बंधू-भगिनींनो, गवंडी निघून गेल्यावर आणि शेण भरल्यावर आतला गिलावा पुन्हा हाती लागत नाही. म्हणून तो होत असताना स्वतः उभे राहावे, आणि चाचणी झाल्याशिवाय शेणाची पहिली पाटी आत टाकू नये.