डाव हरला म्हणून ओपनिंग सोडायची?

आपल्या पिंपळगावात कांद्याची गाडी लिलावाच्या रांगेत लागली की पोरं मोबाईलवर ब्लिट्झ सुरू करतात. हरली की एकच वाक्य, "ही ओपनिंगच बेकार आहे भाऊ." की लगेच यूट्यूबवर दुसरी शोधायची. माझ्या आतेभावानं परवा अशीच ग्रुनफेल्ड सोडली. त्याला मी जो डाव दाखवला, तोच आज बघू.

साल १८५५, कलकत्ता. पांढऱ्याकडून जॉन कोचरेन, पेशानं वकील. काळ्याकडून महेशचंद्र बॅनर्जी, हौशी खेळाडू. काळ्यानं घोडा एफ६, प्यादं जी६, मग प्यादं डी५ अशा चाली केल्या. म्हणजे हीच ग्रुनफेल्ड! ज्याच्या नावानं ती ओळखली जाते तो अर्न्स्ट ग्रुनफेल्ड ती खेळला १९२२ मध्ये. सदुसष्ट वर्षांनी! कल्पनाही तीच: मधली घरं पांढऱ्याला घेऊ द्यायची, मग जी७ चा उंट आणि सी५ चं प्यादं यांनी ती पोखरायची.

पण बॅनर्जी हा डाव हरले. कोचरेननं १८व्या चालीला घोड्यानं एफ७ चं प्यादं मारलं आणि पुढच्या तीन चालींत मात. राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडून मेला.

मग चुकलं कुठं? आम्ही कोडवाले म्हणतो, प्रोग्राम जिथं बंद पडतो तिथंच बग असतो असं नाही. मागं चला. १४व्या चालीला काळ्यानं एफ८ चा हत्ती ई८ वर नेला. ए३ च्या उंटाची नजर ई७ वर होती, त्यामुळे चाल शहाणपणाची वाटते. पण एफ७ वर पहारा द्यायला तोच हत्ती होता! तो हलला, आणि घोडा जी५ वर आल्यावर एफ७ राखायला राजा सोडून कुणी उरलं नाही. तोपर्यंत ओपनिंग केव्हाच संपली होती. तिचा यात काय दोष?

ग्रँडमास्टरच्या डावात हे इतकं उघडं दिसत नाही. आपल्यासारख्यांच्या डावात दिसतं, म्हणून मला असे डाव जास्त आवडतात.

आतेभाऊ अजून कुरकुरतोय. त्याला सांगितलंय, पटावर १४वी चाल मांड, हत्ती एफ८ वरच ठेव आणि काळ्याकडून पुढं खेळून बघ. तुम्हीही बघा. इंजिन मात्र नंतर लावा.