कालव्याकाठचे विद्यालय

तांत्रिक शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा सनावळीने पाठ करता. आज रुडकीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू.

१८३७-३८ च्या दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात सुमारे आठ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. सरकारचा महसूलही बुडाला. गंगा कालव्याला चालना मिळण्यात या दुसऱ्या कारणाचा वाटा लहान नव्हता! १८४२ मध्ये काम सुरू झाले. सोलानी नदीवरून कालवा नेणारा जलसेतू बांधावयाचा, तर मोजणीदार आणि अभियंते आणावयाचे कोठून? सारेच इंग्लंडहून आणणे परवडणारे नव्हते. म्हणून १८४७ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या पुढाकाराने रुडकीस विद्यालय निघाले. मुंबई, मद्रास व कलकत्ता ही विद्यापीठे त्यानंतर दहा वर्षांनी आली.

मागणी आधी, विद्यालय नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मात्र तेथील वरचा वर्ग मुख्यतः युरोपीयांचा होता आणि प्रत्यक्ष बांधकाम करणारा गवंडी तर या रचनेबाहेरच राहिला.

रुडकीचे १९४९ मध्ये विद्यापीठ व २००१ मध्ये आयआयटी झाले. कारागिरांसाठी १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली. परंतु शिक्षणाला थेट कारखान्याच्या मागणीशी जोडले ते शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ ने. त्याखालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ३० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले.