उताऱ्यात आहे तेवढेच



विधी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेवर बोलावयास आठवीत शाळा सोडलेला कामगार संघटक उभा राहावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी कामगारांची मुले ‘क्लॅट’चा अभ्यास करतात, आणि शब्दकोश उघडून आम्हीही त्यांच्यात बसतो.

ही परीक्षा २००८ साली सुरू झाली. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वाट तिच्यातूनच जाते. २०२० पासून तिचे रूप पालटले; पाठांतर मागे पडले, उतारे पुढे आले. २०२४ च्या परीक्षेपासून प्रश्न १२० आणि मिनिटेही १२०. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा. म्हणजे चार चुका एका बरोबर उत्तराची कमाई खातात. शिवाय प्रश्नपत्रिका इंग्रजीत.

मुले म्हणतात, कठीण शब्दांनी आम्ही अडतो. आमचा अनुभव निराळा आहे. कठीण शब्द कोशात सापडतो. घात करतात ते सोपे शब्द. सरावासाठी आम्ही एक उतारा रचला. त्यात वाक्य होते : ‘लेखी नोटीस दिल्याखेरीज कामगारास कामावरून काढता येणार नाही.’ प्रश्न असा : नोटीस दिली, तर निश्चित काय म्हणता येईल? एका मुलीने उत्तर दिले, ‘काढणे कायदेशीर ठरते.’ एका मुलाने लिहिले, ‘भरपाईही द्यावी लागते.’ दोन्ही उत्तरे चूक. नोटिशीवाचून काढता येत नाही, एवढेच वाक्य सांगते; नोटीस दिली की सारे झाले, असे ते सांगत नाही. मुलीने वाक्य उलटे वाचले. मुलाने घरी ऐकलेली गोष्ट उताऱ्यात घातली. भरपाईची गोष्ट जगात खरी असेल, पण उताऱ्यात तिचा उल्लेख नाही. बरोबर पर्याय सर्वांत फिका होता : ‘एक अट पुरी झाली; पुढचे सांगता येत नाही.’

हे वाक्य आम्हांला सुचले कोठून, तेही सांगून टाकतो. पंधरा वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या करारात कलम होते : ‘उत्पादन ठरल्या आकड्यावर गेल्याखेरीज जादा बोनसचा विचार होणार नाही.’ आम्ही गेटवर उभे राहून सांगितले, आकडा गाठा, बोनस मिळेल. लोकांनी तीन महिने जीव तोडून काम केले व आकडा गाठला. व्यवस्थापनाने विचार केला, आणि नकार दिला. कागदात खोट नव्हती. आम्हांला हवे होते तेच आम्ही वाचले होते. त्या दिवशी गेटवर एक वयस्क फिटर एवढेच म्हणाला, “अण्णा, तुम्ही वाचलं होतं ना?” त्याला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून मुलांना आम्ही तीन सवयी लावतो. पर्याय पाहण्याआधी लेखकाचे म्हणणे एका वाक्यात आपल्या मराठीत सांगावे. मग प्रत्येक पर्यायाला विचारावे, तुझा आधार कोणत्या ओळीत? बोट ठेवता आले नाही, तर तो सोडावा. आणि ‘ओन्ली’, ‘सम’, ‘ऑल’, ‘अनलेस’ या चिमुकल्या शब्दांखाली रेघ मारावी. लेखकाने ‘काही’ म्हटले असता ‘सर्व’ म्हणणारा पर्याय कितीही भारदस्त दिसो, तो टाकावा. लेखक दुसऱ्याचे मत सांगत असेल, तर ते त्याच्या गळ्यात बांधू नये.

ही मुले उद्या वकील होतील किंवा होणार नाहीत. परंतु कराराचा कागद, बँकेचा अर्ज, घराचा भाडेपट्टा त्यांच्यापुढे येणारच. तेथे पाव गुण कापला जात नाही; माणसाचा पगार किंवा घर जाते. मागल्या महिन्यात नव्या कराराचा मसुदा आला, तेव्हा आम्ही तो प्रथम त्याच मुलीपुढे ठेवला. तिने दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारले, “काका, इथे ‘देईल’ आहे की ‘देऊ शकेल’?” त्या दोन जागा बदलून घेतल्यावरच आम्ही सही केली.